बरणीतली ज्वारी आणि शेतातली ज्वारी

सोलापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला होता. ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचन अशा नेहमीच्या प्रतिकृतींमध्ये एक टेबल वेगळे होते. त्यावर काचेच्या बेचाळीस बरण्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येक बरणीत मूठभर बी आणि बाहेर चिकटवलेल्या चिठ्ठीवर वाणाचे नाव. ज्वारीच्याच सात बरण्या होत्या. मालदांडी, दगडी, गुळभेंडी ही नावे मला ओळखीची होती. मागच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत तीन वाक्ये लिहिली होती :

१. विसाव्या शतकात जगातील ७५ टक्के पीक-विविधता नष्ट झाली.
२. सुधारित वाणांमुळे देशी वाण नाहीसे झाले.
३. बियाणे बँकेत बी साठवले की विविधता वाचेल.

नववीतल्या दोन मुली माहिती सांगत होत्या. गावोगाव फिरून, आजी-आजोबांना विचारून त्यांनी हे बी जमवले होते. सांगून झाल्यावर त्यांतल्या एकीने मलाच विचारले, "मॅडम, ही ज्वारी पेरली तर उगवेल का?" शेजारी उभे असलेले सर हसून म्हणाले, "अगं, प्रश्न परीक्षकांनी विचारायचे असतात." मीही "उगवेल की!" असे काहीतरी बोलून पुढच्या टेबलाकडे वळले.

पीक-पैदास हाच माझा व्यवसाय असल्यामुळे ते उत्तर मला नंतर बरेच दिवस टोचत राहिले. प्रश्न फार चांगला होता आणि माझे उत्तर उडवाउडवीचे होते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे आणि त्या तक्त्यावरील तीन वाक्यांची तपासणीही आहे. ही वाक्ये काही त्या शाळेने शोधून काढलेली नाहीत. भाषणे, भित्तिपत्रके, निबंध आणि आम्हा शास्त्रज्ञांची व्याख्याने यांतूनच ती मुलांपर्यंत पोचतात. तिन्ही वाक्यांत थोडे थोडे खरे आहे, आणि म्हणूनच ती तपासणे गरजेचे आहे.

पंच्याहत्तर टक्के कशाचे?

पहिले वाक्य संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या नावाने सांगितले जाते, आणि त्या संघटनेच्या साहित्यात ते १९९० च्या दशकापासून खरोखरच आढळते. पण गणिताचे शिक्षक पहिला प्रश्न विचारतील तो असा : पंच्याहत्तर टक्के कशाचे? छेदस्थानी कोणती संख्या आहे? १९०० साली जगातल्या शेतांत किती आनुवंशिक विविधता होती, हे कोणी मोजले होते? 'जीन' हा शब्दच मुळी १९०९ साली योहान्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने वापरात आणला. तेव्हाच्या विविधतेचे मोजमाप आपल्याकडे नाही. त्यामुळे हा आकडा फार तर अंदाज म्हणून घेता येईल. मोजलेली राशी म्हणून तो मुलांपुढे ठेवता येणार नाही.

दुसरा एक गाजलेला आकडा मात्र मोजणीतून आलेला आहे. १९०३ साली अमेरिकेतील बियाणे विक्रेत्यांच्या याद्यांत भाज्यांचे किती वाण होते, याची नोंद तिथल्या कृषी खात्याने करून ठेवली होती. १९८३ मध्ये एका स्वयंसेवी संस्थेने त्यातल्या ६६ पिकांची यादी राष्ट्रीय बीज साठवण प्रयोगशाळेतील नमुन्यांशी ताडून पाहिली. कोबीचे ५४४ वाण होते, त्यांपैकी २८ सापडले. लेट्यूसचे ४९७ होते, त्यांपैकी ३६ सापडले. एकूण सुमारे ९३ टक्के नावे नाहीशी झाली होती. हा तक्ता जगभर छापला गेला.

इथे तुलना कशाची कशाशी झाली, ते पाहा. एका बाजूला साऱ्या दुकानांच्या याद्या आणि दुसऱ्या बाजूला एकच बीजसंग्रह. पुढे पॉल हील्ड आणि सुझाना चॅपमन या दोन अभ्यासकांनी १९०३ च्या याद्यांची तुलना २००४ च्या याद्यांशीच केली. ४८ पिकांसाठी १९०३ मध्ये ७,२६२ वाण होते, २००४ मध्ये ७,१०० भरले. म्हणजे एकूण संख्या जवळजवळ तीच! मात्र १९०३ मधील नावांपैकी सुमारे सहा टक्केच नावे २००४ मध्ये टिकून होती. जुने गेले आणि नवे आले.

मग विविधता घटली की नाही? प्रामाणिक उत्तर असे की, नावे मोजून ते कळतच नाही. एकाच वाणाला दोन गावांत दोन नावे असतात आणि एकाच नावाखाली दोन निराळी बियाणी नांदतात. नावांवर विसंबल्याने केवढी फसगत होते, हे अमेरिकेच्या मका उत्पादकांनी १९७० साली अनुभवले. बाजारात संकरित मक्याची नावे भरपूर होती. पण संकरित बी तयार करताना मादी ओळीचे तुरे हाताने खुडावे लागू नयेत, म्हणून बहुतेक सगळ्या कंपन्यांनी नर-वंध्यत्व देणारे एकच पेशीद्रव्य वापरले होते. ते 'टेक्सास' पेशीद्रव्य म्हणून ओळखले जाई. देशातल्या ८० टक्क्यांहून अधिक मक्यात ते पोचले होते. पानांवरील करपा रोगाच्या बुरशीचा एक नवा प्रकार आला आणि त्याचे विष नेमके या पेशीद्रव्यातील तंतुकणिकांवर घाव घालू लागले. त्या एका वर्षात देशाचे सुमारे १५ टक्के मक्याचे पीक गेले. पिशव्यांवरची नावे वेगवेगळी होती, पण आत दुखरी जागा एकच होती.

वर्गात हे साध्या गणिताने दाखवता येते. दोन गावे घ्या. प्रत्येकात ज्वारीचे क्षेत्र १०० एकर. पहिल्या गावात दहा वाण आहेत. पण एक वाण ९१ एकरांवर आणि बाकीचे नऊ एकेका एकरावर. दुसऱ्या गावात चारच वाण, प्रत्येकी २५ एकरांवर. आता डोळे मिटून गावातले कोणतेही दोन एकर निवडले, तर त्यांवर निरनिराळे वाण असण्याची शक्यता किती? पहिल्या गावात ती १ − (०.९१² + ९ × ०.०१²), म्हणजे सुमारे ०.१७ येते. दुसऱ्या गावात १ − (४ × ०.२५²), म्हणजे ०.७५. प्रदर्शनात पहिले गाव दहा बरण्या मांडील आणि बक्षीस नेईल. रोग आला तर मात्र दुसरे गाव तगण्याची शक्यता जास्त.

याचा अर्थ 'काही बिघडलेले नाही' असा घेऊ नये. गावोगावच्या पारंपरिक वाणांची शेतांतून मोठ्या प्रमाणावर पीछेहाट झाली, हे अनेक देशांतील अभ्यासांतून स्पष्ट दिसते. पैदासकारांनी काढलेल्या वाणांचे चित्र मात्र संमिश्र आहे : १९६० च्या दशकात त्यांच्यातील विविधता थोडी घटली आणि पुढच्या काळात पुन्हा वाढली. नुकसान कुठे झाले आणि कुठे झाले नाही, हे कळले तरच उपाय सुचतो. 'सगळे ७५ टक्के गेले' या वाक्याने हळहळ तेवढी वाटते.

मालदांडी देशी की सुधारित?

आता दुसरे वाक्य. त्यात 'देशी' आणि 'सुधारित' असे दोन पक्ष समोरासमोर उभे केले आहेत. त्या मुलींच्या टेबलावर मालदांडीची बरणी 'देशी' या रांगेत होती. हुरड्याला, भाकरीला, कडब्याला हिची सर कशाला नाही, असे सोलापूर-मराठवाड्यात कोणीही सांगेल. पण शेतात आज जी मालदांडी प्रामुख्याने दिसते, ती बहुतांशी 'मालदांडी ३५-१', म्हणजे एम ३५-१ आहे. १९३० च्या दशकात मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवड करून ती काढण्यात आली. म्हणजे ती पैदासकारांनी सुधारलेला वाण आहे!

ही निवड कशी होते, ते थोडक्यात पाहू. गावातल्या मूळ वाणात सगळी ताटे एकसारखी नसतात. कोणी आठ दिवस आधी फुलोऱ्यावर येते, कोणाचे कणीस गच्च असते, कोणी खोडमाशीपुढे जरा जास्त तग धरते. पैदासकार त्यांतली चांगली ताटे निवडतो, प्रत्येकाचे बी वेगळे पेरतो, पिढ्यान्‌पिढ्या पारखतो आणि शेवटी सर्वांत सरस ठरलेली एक ओळ वाढवून वाटतो. ज्यांनी 'जीन' शब्द दिला त्या योहान्सन यांनीच १९०३ मध्ये घेवड्यावर प्रयोग करून या 'शुद्ध ओळी'चा पाया घातला. या पद्धतीने उत्तम वाण मिळतो, पण त्याची किंमतही असते. मूळ गर्दीतली बाकीची ताटे मागे राहतात. एम ३५-१ इतका गुणी निघाला, की रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात कित्येक दशके तोच पसरला. म्हणजे आपण ज्याला अभिमानाने 'देशी' म्हणतो, त्यानेही इतर देशी वाणांची जागा घेतली आहे. 'देशी' या चिठ्ठीवरून विविधतेचा अंदाज बांधता येत नाही तो असा.

मग या भागातल्या शेतकऱ्यांनी सुधारित वाणाला नकार दिला, असे म्हणायचे की होकार दिला? ज्वारीच्या दोन हंगामांची कहाणी इथे उपयोगी पडते. १९६४ मध्ये 'सीएसएच-१' हा भारतातील पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. बुटका, लवकर येणारा, खताला प्रतिसाद देणारा. खरिपात संकरित ज्वारी वेगाने पसरली. पण तिच्या लवकर येण्यातच एक अडचण होती. खरिपाच्या जुन्या उंच वाणांना दिवसाच्या लांबीचे भान असे. पेरणी केव्हाही होवो, दिवस लहान झाल्यावरच ते फुलोऱ्यावर येत आणि तोवर पाऊस सरलेला असे. संकरित ज्वारीचे दाणे पावसातच भरू लागले, त्यांवर बुरशी चढली आणि ज्वारी काळी पडू लागली. काळ्या ज्वारीला भाव नाही आणि भाकरीलाही ती नको. पुढे सोयाबीनने खरीप ज्वारीचे क्षेत्र व्यापले, त्याला हेही एक कारण होते. रब्बीत पीक उभे राहते ते जमिनीतल्या ओलीवर. तिथे दुष्काळ, खोडमाशी आणि ताटे कोलमडवणारा खडखड्या यांना तोंड देत एम ३५-१ टिकून राहिला. संकरित वाणांना तिथे तसा शिरकाव मिळाला नाही.

यातला धडा आम्हा पैदासकारांसाठीच अधिक आहे. वाणाचा 'चांगुलपणा' हा एकट्या वाणाचा गुण नसतो. तो वाण आणि जागा यांच्या जोडीचा गुण असतो. समजा, 'अ' वाण चांगल्या जमिनीत एकरी १५ क्विंटल देतो आणि कोरड्या माळावर २. 'ब' वाण चांगल्या जमिनीत १० देतो आणि माळावर ४. सरासरी काढली तर 'अ' साडेआठ आणि 'ब' सात. अहवालात 'अ' जिंकतो. माळावरच्या शेतकऱ्याला मात्र 'अ' पेरून दरसाल निम्म्या पिकाला मुकावे लागते. संशोधन केंद्राची जमीन सपाट, खत वेळेवर, पाणी हाताशी. अशा ठिकाणी निवडलेला वाण हा बहुधा 'अ' असतो. माझ्या उमेदीच्या वर्षांतल्या निवडी मी अशाच जमिनीत केल्या आहेत, हे इथे कबूल केलेले बरे.

सीरियात बार्लीवर काम करणाऱ्या साल्वातोरे चेकारेल्ली आणि स्टेफानिया ग्रांडो यांनी हीच उलटापालट वर्षानुवर्षे मोजून दाखवली. भरपूर पिकणाऱ्या जागी पहिला आलेला वाण कोरड्या जागी मागे पडत होता. तेव्हा त्यांनी निवडच शेतकऱ्यांच्या शेतात आणि शेतकऱ्यांना बरोबर घेऊन करायला सुरुवात केली. आपल्याकडेही रब्बी ज्वारीच्या शिफारशी आता जमिनीच्या खोलीप्रमाणे दिल्या जातात : हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा. 'सर्वांसाठी एकच सर्वोत्तम' हा हट्ट सोडल्याचे हे चिन्ह आहे आणि पाठ्यपुस्तकात ते यायला हवे.

थंडीत थांबलेले बी

तिसरे वाक्य बियाणे बँकेचे. बँकेचे महत्त्व कमी लेखण्याचे मुळीच कारण नाही. १९७० च्या दशकात आशियात भाताच्या एका विषाणुजन्य खुजेपणाच्या रोगाने कहर केला, तेव्हा फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या संग्रहातील हजारो नमुने तपासले. पुरेशी प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या 'ओरायझा निवारा' या रानभाताच्या एका नमुन्यात. ती घेऊन १९७६ मध्ये आयआर-३६ आला आणि जगात सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरांवर पोचला. ओडिशातील एका स्थानिक भातातून निवडलेला एफआर-१३-ए हा वाण पुरात बुडूनही तगतो. त्यातला 'सब-१-ए' हा जनुक ओळखून तो लोकप्रिय 'स्वर्णा' भातात आणला गेला आणि २००९ मध्ये 'स्वर्णा-सब१' शेतकऱ्यांना मिळाला. सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही तो पुन्हा उभारी धरतो. सीरियातील युद्धामुळे अलेप्पोजवळचा संग्रह हाताबाहेर गेला, तेव्हा त्याच्या दुय्यम प्रती नॉर्वेतील स्वालबार्डच्या बर्फाळ तिजोरीतून २०१५ मध्ये परत घेता आल्या. नवी दिल्लीतील आपल्या राष्ट्रीय जनुकपेढीतही चार लाखांहून अधिक नमुने आहेत. बँका नसत्या तर हे काहीच शक्य झाले नसते.

तरीही तक्त्यावरचे वाक्य अपुरे आहे. बँकेतले बी उणे १८ अंशांना जवळजवळ थांबलेले असते. बाहेर मात्र पाऊस, ऊन, कीड, बुरशी काहीच थांबलेले नसते. नायजर देशातल्या बाजरीचे उदाहरण पाहा. तिथल्या गावांतून १९७६ मध्ये गोळा केलेले बी जपून ठेवले होते. २००३ मध्ये त्याच गावांतून पुन्हा बी आणले आणि दोन्ही शेजारी-शेजारी पेरून पाहिले. मधल्या काळात तिथे मोठे दुष्काळ पडले होते. अभ्यासकांना दिसले, की बाजरीची विविधता फारशी घटलेली नव्हती. पण २००३ ची बाजरी थोडी लवकर फुलोऱ्यावर येत होती आणि लवकर फुलण्याशी निगडित असलेल्या एका जनुकाचे प्रमाण तिच्यात वाढले होते. शेतकरी दरसाल बी राखत होते, पेरत होते आणि पीक हळूहळू नव्या पावसाशी जुळवून घेत होते. बँकेतले बी १९७६ मध्येच राहिले होते.

हवामान बदलत असताना या फरकाला फार महत्त्व आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मान्सूनच्या आगमनाच्या आणि परतीच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. वायव्य भारतातून त्याची माघार जुन्या तारखांपेक्षा एक ते दोन आठवडे उशिरा होते, असे त्यांत दिसते. आता मघाच्या खरीप ज्वारीकडे वळा. जुन्या वाणांचे दिवसाच्या लांबीवर चालणारे पंचांग जुन्या पावसाशी जुळलेले होते. पाऊसच लांबू लागला तर ते पंचांगही चुकणार. म्हणून 'जुने ते सगळे सोने' म्हणून बरणीतले बी जसेच्या तसे शेतात नेणे हाही उपाय नव्हे. फुलोऱ्याची तारीख ताटागणिक थोडी वेगळी असेल, तर कोणत्याही वर्षी काही ताटे तरी साधतील, आणि त्यांचे बी पुढच्या वर्षी वाढेल. शेतातल्या विविधतेचे खरे काम हे आहे.

विविधताच पेरली तर?

मग पैदासकाराने एक शुद्ध ओळ काढण्याऐवजी विविधताच का पेरू नये? ही कल्पना नवी नाही. हॅरी हार्लन आणि मेरी मार्टिनी यांनी अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या अखेरीस बार्लीचे २८ वाण घेऊन त्यांचे आपसांतले सर्व, म्हणजे ३७८ संकर केले आणि सगळे बी एकत्र मिसळून दरसाल पेरायला सुरुवात केली. (२८ मधून २ निवडण्याच्या रीती किती, हे विद्यार्थ्यांनी करून पाहावे.) कॉइट सुनसन यांनी १९५६ मध्ये या पद्धतीला 'उत्क्रांतीय पैदास' असे नाव दिले. २००८ पासून चेकारेल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्लीच्या सुमारे १६०० संकरांच्या संततीचे मिश्रण इराण, जॉर्डन, अल्जीरिया, एरिट्रिया अशा देशांत शेतकऱ्यांच्या हाती दिले. प्रत्येक गावात ते मिश्रण त्या त्या गावच्या मातीप्रमाणे आणि पावसाप्रमाणे निराळे होत जाते.

पण इथेही टीकेची नजर बाजूला ठेवू नये. याच सुनसन यांनी १९३३ पासून सोळा वर्षे बार्लीचे चार वाण मिसळून पेरले होते. शेवटी एकट्या 'ॲटलास' वाणाने सुमारे ८८ टक्के जागा व्यापली. 'व्हॉन' हा वाण स्वतंत्रपणे पेरला असता अधिक पिकत होता आणि पानांवरच्या रोगांनाही कमी बळी पडत होता. मिश्रणात तो एक टक्काही उरला नाही. शेजाऱ्याला झाकोळून जो अधिक बी देतो, तो मिश्रणात जिंकतो. शेतकऱ्याला काय हवे आहे, हे निसर्गाला ठाऊक नसते. ज्वारीचे असे मिश्रण नुसते निसर्गावर सोडले, तर उंच आणि दांडगी ताटे वाढतील. भाकरीची चव, हुरड्याची गोडी, कडब्याचा मऊपणा यांची पर्वा कोण करणार? तिथे माणसाचा डोळा हवा. खळ्यावर बसून पुढच्या वर्षासाठी कणसे बाजूला काढणारी बाई हे काम करत आली आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचे मोल समजावून सांगताना 'त्यांनी बी साठवले' एवढेच सांगणे अपुरे आहे. ते बी दरसाल पेरले जाते, पारखले जाते आणि वाटले जाते.

कायद्याचीही एक अडचण आहे. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि नाममुद्रा न लावता विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे, ही मोठीच गोष्ट. पण वाणाची नोंदणी करायची तर तो वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. शेतकऱ्यांच्या वाणांना एकसारखेपणाच्या कसोटीत काही सूट आहे. परंतु जे मिश्रण बदलत राहावे म्हणूनच पेरले आहे, ते या चौकटीत कुठे बसवायचे? युरोपीय संघाने २०२२ पासून सेंद्रिय शेतीपुरती अशा विषम बियाण्याच्या विक्रीला वाट करून दिली आहे. आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा व्हायला हवी.

त्या मुलीला द्यायचे उत्तर

तिचा प्रश्न होता, "ही ज्वारी पेरली तर उगवेल का?" पहिले उत्तर असे : पेरून पाहा. ओल्या फडक्यात शंभर दाणे गुंडाळून ठेव आणि आठवड्याने मोड मोज. बियांतला ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि तापमान साडेपाच अंशांनी उतरवले की पुन्हा दुप्पट, असा एक ढोबळ नियम आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात शाळेच्या कपाटातल्या बरणीत याच्या नेमके उलटे घडते. दोन-चार उन्हाळ्यांनंतर बरणीवरची चिठ्ठी तशीच असेल, पण आतले बी मेलेले असू शकेल.

दुसरे उत्तर असे : उगवले तर ते तुमच्या शेतात कसे येते, हे पाहिल्याशिवाय कळणार नाही. शिक्षकांनी मनावर घेतले तर प्रदर्शनाचे हेच टेबल प्रयोगशाळा होऊ शकते. सात बरण्यांतले बी सात लहान वाफ्यांत आणि शेजारी एम ३५-१ च्या एका वाफ्यात पेरावे. शक्य असल्यास हलक्या आणि भारी अशा दोन जमिनींत पेरावे, म्हणजे क्रम उलटतो का ते दिसेल. प्रत्येक वाफ्यातील वीस ताटांची उंची, फुलोऱ्याची तारीख आणि कणसाचे वजन वहीत लिहावे. ज्या वाफ्यात वीसही ताटे एकाच दोन-तीन दिवसांत फुलली आणि ज्या वाफ्यात ती दोन आठवड्यांत पसरली, त्या दोन वाफ्यांत काय फरक आहे, हे मुलांना कोणी वेगळे सांगावे लागणार नाही. त्यापुढे गावातल्या कोणत्या वाणाखाली किती एकर आहेत हे विचारून मघाचे गणित करावे.

असे केल्यास पुढच्या प्रदर्शनात तक्त्यावर ७५ टक्क्यांचा आकडा नसेल. त्या जागी त्यांच्याच गावाचा, त्यांनी स्वतः काढलेला आकडा असेल. तो लहान असो वा मोठा, पुढच्या वर्षी पुन्हा मोजता येईल आणि वाढला की घटला ते सांगता येईल. आणि हे टेबल पाहायला एखादा परीक्षक आला, तर मुलींनी त्याला प्रश्न जरूर विचारावेत.